जुनं डिझेल इंजिन: सेल्फ फिरतो, पण धूरसुद्धा येत नाही

जुना_गडी
मंडळी, डोकं चालेनासं झालंय, म्हणून धागा काढतोय.

चार सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन आहे, १२ व्होल्टचं. इनलाइन पंप (नोझलना दाबाने डिझेल पुरवणारा), सगळं यांत्रिक, इलेक्ट्रॉनिक्सचा मागमूस नाही. ७ महिने उभं होतं. त्याआधीही वर्षभर सकाळी सुरू होताना कुरकुरायचंच, पण व्हायचं. गंमत म्हणजे टाकी नुकतीच भरलेली असली की दोन-चार दिवस एका सेल्फमध्ये उठायचं. ताज्या डिझेलचा गुण, असं मी धरून चाललो होतो.

आता अजिबात दाद देत नाही. बॅटरी रात्रभर चार्ज केली. डिझेल फिल्टर नवा टाकला. हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलायचा हातपंप) हात दुखेपर्यंत मारला. सेल्फ फिरतो, जरा जड वाटतो. सायलेन्सरमधून काहीच नाही, ना काळं ना पांढरं.

एका कारागिराने लांबूनच ऐकून 'पंप गेला, काढून द्या' असं सांगितलं. मी पंपाचे दोन बोल्ट ढिले केले आणि मग हात आखडला. पुढे काय करू?

पाना१७
आधी ते दोन बोल्ट परत आवळा. पंपाच्या फ्लँजवर (बोल्ट बसतात त्या कडेवर) आणि इंजिनाच्या बॉडीवर समोरासमोर रेघा असतील, त्या जुळल्यात का बघा. फ्लँजची भोकं लांबट असतात, पंप जरा जरी फिरला तरी टायमिंग हलतं. मग एका दुखण्याची दोन होतील आणि कुठलं जुनं, कुठलं तुम्ही केलेलं, ते कळणार नाही.

आता धूर. तुम्ही 'काहीच नाही' म्हणालात, हीच सगळ्यात कामाची माहिती आहे. डिझेल सिलिंडरमध्ये गेलं आणि पेटलं नाही, तर ते वाफ होऊन पांढरा धूर बनून बाहेर पडतं आणि डोळ्यांना झोंबतं. भरपूर सेल्फ मारूनही धूर नाही, म्हणजे डिझेल आत पोचतच नाहीये. कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह, रिंगा, नोझलचा फवारा हे सगळं नंतर. टाकीपासून नोझलपर्यंत डिझेलची वाट कुठे तुटलीय तेवढं शोधायचं.

पहिला प्रश्न: स्टॉपची (इंजिन बंद करायची) केबल पूर्ण मागे आलीय का? बाहेरून ढकललेली दिसते, पण पंपावरचा लिव्हर अर्धा 'बंद'मध्येच राहतो. सात महिन्यांत केबल आत गंजते. बॉनेट उघडून लिव्हर हाताने हलवून बघा.

जुना_गडी
बोल्ट आवळले, रेघा जुळल्यात. (हुश्श.) स्टॉपचा लिव्हर पूर्ण मागे येतोय, केबल काढूनही बघितली. टाकी निम्मी आहे, आतून गंज-चिखल दिसत नाही.

फुल_थ्रॉटल
एवढा घोळ कशाला? एअर फिल्टर काढा, ईथरचा स्प्रे मारा दोन फवारे, सेल्फ द्या. उठलंच पाहिजे. मी कित्येक वर्षं हेच करतोय.

काळा_धूर
आणि कित्येक वर्षं रिंगाही बदलत असाल!

ईथर डिझेलपेक्षा खूप कमी तापमानाला पेटतं. पिस्टन अजून वर येतोय तोवरच पेटतं आणि खाली ढकलायला बघतं. 'ठण्ण' असा आवाज येतो ना, तो पिस्टनच्या डोक्यावरचा हातोडा असतो. रिंगांमधल्या पातळ भिंती त्यानेच फुटतात. मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळात) हीटर असला आणि तो लाल असताना स्प्रे मारला, तर भडका थेट तोंडावर.

शिवाय इथे ईथरने सिद्ध काय होणार? डिझेल येत नाही हे आत्ताच कळलंय. ईथरवर चार ठोके मारून परत बंद पडेल.

फुल_थ्रॉटल
बरं बाबा, नाही मारत. पण हीटर प्लग तरी तपासा की.

पाना१७
प्रश्न रास्त आहे. जुना_गडी, तुमच्या इंजिनाला हीटर प्लग आहेत का? ज्या इंजिनांत डिझेल आधी छोट्या कोठीत फवारलं जातं, त्यांना थंडीत हीटर प्लगशिवाय जमत नाही, कारण त्या कोठीच्या भिंती उष्णता खातात. ज्यांत फवारा थेट पिस्टनवरच्या खळग्यात जातो, त्यांना बहुतेक वेळा प्लग नसतातच, फार तर मॅनिफोल्डमध्ये एक हीटर असतो. असतील तर तपासणी सोपी: वायर काढा, मल्टीमीटर ओहमवर ठेवा, एक काडी प्लगच्या टोकाला, दुसरी इंजिनाच्या बॉडीला. चांगला प्लग जेमतेम एखादा ओहम दाखवतो. मीटर हललाच नाही तर प्लग मेला.

पण हीटर प्लग मेले तरी पांढरा धूर येतोच. इथे तोही नाही.

जुना_गडी
प्लग नाहीत. थेट फवाऱ्याचं इंजिन आहे.

निळी_वायर
सगळे डिझेलच्या मागे लागलेत, पण त्यांनी 'सेल्फ जरा जड' म्हटलंय ते कुणी उचललं नाही. डिझेलला ठिणगी नसते, हवा दाबून गरम होते त्यावरच सगळा खेळ. इंजिन हळू फिरलं की दाबलेल्या हवेला रिंगांच्या फटीतून निसटायला वेळ मिळतो आणि उरलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती ओढून घेतात. उद्या डिझेल आलं तरी पेटणार नाही.

स्टॉप ओढून धरा, म्हणजे मध्येच सुरू होणार नाही. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि सेल्फ फिरत असताना चार आकडे घ्या:
१) बॅटरीच्या शिशाच्या दोन खांबांवर. क्लँपवर नाही, खांबावरच.
२) सेल्फच्या जाड बोल्टवर आणि सेल्फच्या बॉडीवर.
३) बॅटरीचा प्लस खांब ते सेल्फचा जाड बोल्ट.
४) बॅटरीचा मायनस खांब ते इंजिनाची उघडी, खरवडलेली धातू.

जुना_गडी
घ्या आकडे.
सेल्फ न मारता बॅटरी: १२.५
१) १०.१
२) ७.९
३) ०.३
४) १.९

चौथा आकडा बघून मलाच कसंतरी वाटलं.

निळी_वायर
वाटायलाच हवं! बॅटरी १०.१ देतेय, म्हणजे ती ठीक आहे. सेल्फला पोचतात ७.९. वाटेत २.२ व्होल्ट हरवले आणि त्यातले १.९ एकट्या अर्थिंगने खाल्ले. मायनसची वायर चॅसीला आणि चॅसीवरून एक पट्टी इंजिनाला, अशी असेल. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसतं, म्हणून ती पट्टी लागते. ती पट्टी बघा.

जुना_गडी
काय सांगू. पट्टीच्या चॅसीकडच्या टोकाला, बोल्टखाली, रंगाचा थर आणि त्याखाली गंजाची खपली. पट्टीच्या विणलेल्या तारांपैकी निम्म्या हिरव्या होऊन तुटल्यात. नवी पट्टी टाकली, दोन्ही बाजू पत्रा चमकेपर्यंत पॉलिश पेपरने घासल्या, वर ग्रीस लावलं.

आता: बॅटरी ९.८, सेल्फ ९.३, अर्थिंग ०.२. पण बॅटरीचा आकडा १०.१ वरून उतरला, तो का?

निळी_वायर
उत्तम लक्षण. वाट मोकळी झाली, सेल्फ आता जास्त करंट ओढतोय, म्हणून बॅटरी थोडी खाली बसते. आवाज ऐका, फरक कानाला कळेल.

जुना_गडी
आवाज बदललाच. आधी ढकलगाडी होती, आता सेल्फ सळसळत फिरतो. सुरू मात्र नाही. आणि धूर? नाही.

पाना१७
चला, आता डिझेलकडे. पाइपांत अडकलेली एअर नीट काढू. घाईत प्रायमर मारून एअर निघत नाही, क्रम पाळावा लागतो.

फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीडर स्क्रू दोन फेरे ढिला करा. प्रायमर मारत राहा. आधी फेस येईल, मग फुर्रफुर्र, मग सलग डिझेल. प्रायमर मारता मारताच स्क्रू आवळा. मग तेच पंपाच्या बॉडीवरच्या स्क्रूवर. तिथूनही सलग आलं की प्रायमरची मूठ खाली दाबून आटा पूर्ण आवळा. हे अनेकजण विसरतात, आणि मग प्रायमरच्याच देठातून हवा आत शिरते.

शेवटी चारही नोझलवरचे पाइपाचे नट अर्धा फेरा ढिले करा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. प्रत्येक नटाखालून डिझेल ठोक्या-ठोक्याने उडायला हवं. कुठून काय येतंय ते लिहा. सेल्फ एका वेळी १५–२० सेकंदांहून जास्त नको, मध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबा, नाहीतर तो जळेल.

आणि एक गोष्ट बजावून सांगतो. बाहेर काढलेल्या नोझलचा फवारा तपासायचा मोह झाला तर त्यासमोर हात-बोट आणू नका. दाब २०० बारच्या आसपास असतो. डिझेल कातडीतून आत घुसतं, आधी नुसतं टोचल्यासारखं वाटतं, आणि काही तासांत हात वाचवायला शस्त्रक्रिया लागू शकते. पुठ्ठा धरतात, बोट नाही.

जुना_गडी
एक आणि तीन नंबरच्या नटाखाली फेस. दोन आणि चारला काहीच नाही. मग पुन्हा पहिल्यापासून एअर काढली. आता चारही ठिकाणी ठोके दिसतात, पण डिझेलात बुडबुडे आहेत.

नट आवळून सेल्फ दिला. पांढऱ्या धुराची एक उसासा टाकल्यासारखी लकेर आली. दुसऱ्या सेल्फला ठक्, ठक्, आणि सुरू झालं! मी टाळ्या वाजवेपर्यंत साधारण ४० सेकंद चाललं, मग वर-खाली हुंकारत बंद पडलं. आता पुन्हा तोच कोरडा सेल्फ.

काळा_धूर
अभिनंदन, पंप जिवंत आहे. ज्याने लांबून पंपाला मृत्यूचा दाखला दिला, त्याला हे ४० सेकंद ऐकवा.

हुंकारत बंद पडणं म्हणजे डिझेलसोबत हवा येतेय. सक्शनची बाजू बघा, टाकीपासून फीड पंपापर्यंत (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप). तिथे गळती बाहेरून दिसत नाही, कारण त्या पाइपात ओढ असते. डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. लोक कोरडे जोड बघून 'गळती नाही' म्हणतात ते इथेच फसतात.

(थोडं विषयांतर. असंच एक जुनं इंजिन हळू सेल्फवर उलटं सुरू झालेलं मी पाहिलंय. कॉम्प्रेशनने धक्का मारून उलटं फिरवलं आणि पंपाने फवारलेलं डिझेल नेमकं पेटलं. धूर एअर फिल्टरमधून, हवा सायलेन्सरमधून! ऑइलचा दाब शून्य. तसं झालं तर एक सेकंद न दवडता स्टॉप ओढायचा. म्हणून अर्थिंग आधी दुरुस्त झालं ते बरंच झालं.)

फुल_थ्रॉटल
किंवा फिल्टरचा रबरी वॉशर. नवा फिल्टर टाकताना जुना वॉशर वर चिकटून राहतो, त्यावर नवा बसतो, एकावर दोन. माझ्याकडून दोनदा झालंय, खोटं कशाला बोलू.

जुना_गडी
फिल्टर खोलला. वॉशर एकच आहे, नवाच. फिल्टरच्या तळाचं डिझेल काचेच्या बरणीत काढून तासभर ठेवलं. पाण्याचा थर नाही. फीड पंपाखालची काचेची वाटी आणि जाळी साफ, वाटीचा वॉशरही बदलला. बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर सगळे नवे. एअर पुन्हा काढली. पुन्हा ४० सेकंद. आता त्या ४० सेकंदांची सवयच झालीय.

पाना१७
मग आता अंदाज बंद. दोन गोष्टी करा.

फीड पंपाकडे येणाऱ्या पाइपाच्या जागी वीतभर पारदर्शक पाइप लावा आणि प्रायमर मारत त्यात बघत राहा. तिथे बुडबुडे दिसले तर दोष टाकीच्या बाजूला. तिथे स्वच्छ आणि पुढे फेस, तर फीड पंप किंवा फिल्टर.

मग टाकीच वगळा. एका स्वच्छ डब्यात पाच लिटर डिझेल घ्या, डबा इंजिनापेक्षा उंच बांधा, डब्यातून पाइप थेट फीड पंपाच्या तोंडाला. रिटर्नचा (जादा डिझेल टाकीत परत नेणारा) पाइपही तात्पुरता डब्यातच सोडा. एअर काढा आणि सेल्फ द्या.

जुना_गडी
पारदर्शक पाइपात टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे रांगेने येत होते, मुंग्यांच्या रांगेसारखे. मध्ये एखादा बोराएवढा.

मग डबा बांधला. चौथ्या फेऱ्याला सुरू. वीस मिनिटं आयडलिंगला एकसुरी चाललं, मीच कंटाळून बंद केलं. गरम असताना पुन्हा सुरू, एका टिचकीत.

निळी_वायर
झालं की मग! टाकी ते फीड पंप, एवढाच रस्ता उरला.

जुना_गडी
तोच रस्ता आज दिवसभर धरून बसलो. लोखंडी पाइप पूर्ण बाहेर काढला. एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून सायकलच्या पंपाने हवा भरली, पाण्याच्या पिंपात बुडवला. एकही बुडबुडा नाही. रबरी तुकडे दोन्ही नवे टाकले, क्लिपा नव्या. सगळं परत जोडलं, टाकीवर लावलं, एअर काढली.

४० सेकंद.

आता खरंच टाकी डोक्यावर बांधून फिरावं असं वाटतंय.

वाचनमात्र
पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. जुना_गडी, तुम्ही अगदी पहिल्या प्रतिसादात लिहिलं होतं की टाकी भरलेली असली की दोन-चार दिवस लगेच सुरू व्हायचं. आणि पुढे लिहिलंत की आत्ता टाकी निम्मी आहे.

टाकीच्या आत जी नळी उभी उतरते, डिझेल ओढणारी, तिला मध्यावर कुठे भोक असेल तर? टाकी भरलेली असताना भोक डिझेलखाली बुडलेलं, त्यातूनही डिझेलच ओढलं जाणार. पातळी भोकाखाली गेली की ती नळी टाकीतलीच हवा ओढणार. बाहेरचे सगळे जोड कितीही घट्ट असले तरी.

पाना१७
वाचनमात्र, तुम्ही वाचनमात्र का आहात?

मी दहा वेळा धागा वर-खाली केला आणि ते 'ताज्या डिझेलचा गुण' वाचून पुढे सरकलो. याने सकाळची कुरकुरही सुटते. रात्रभरात त्या भोकातून हवा शिरून पाइपातलं डिझेल टाकीत परत उतरतं, फीड पंप सकाळी रिकामी नळी ओढत बसतो. ७ महिने उभं राहिल्यावर तर पूर्ण कोरडं.

तपासायला टाकी भरून बघायचीही गरज नाही, नळी काढाच.

जुना_गडी
काढली.

टाकीच्या वरच्या प्लेटला चार स्क्रू. प्लेटसोबत नळी वर आली. खालचं टोक आणि जाळी एकदम चकाचक. वरून साधारण एक वितीवर, जिथे नळीला आधाराची पट्टी झाळून जोडलीय, तिथे झाळण सुटून एक काळी रेघ. नखाने खरवडलं तर नख आत गेलं. केसाएवढी चीर असेल म्हटलं तर ती नळीच्या जवळजवळ पाव घेराइतकी निघाली. एक टोक अंगठ्याने दाबून दुसऱ्यातून फुंकलं तर गालावर वारा आला.

डिपस्टिकने मोजलं. आत्ताची डिझेलची पातळी त्या चिरेच्या चार बोटं खाली.

फुल_थ्रॉटल
आता ती झाळायला टाकीजवळ टॉर्च पेटवू नका म्हणजे मिळवली. मला माहितीय मी काय काय केलंय, म्हणून सांगतो.

जुना_गडी
नाही हो. नळी दूर नेऊन डिझेल पुसून, वाळवून दिली, तांब्याची नवी नळी त्याच मापाची झाळून घेतली. लांबी तळापासून बोटभर वर राहील अशीच ठेवली, म्हणजे तळाचा गाळ ओढला जाणार नाही. प्लेटखाली नवं गॅस्केट.

टाकी मुद्दाम भरली नाही. निम्मीच ठेवली. एअर काढली, सेल्फ दिला, पाऊण तास चालवलं. रात्रभर उभं ठेवलं. आज सकाळी साडेसहाला, थंड इंजिन: दोन फेरे आणि सुरू. आधी पांढरा धूर, अर्ध्या मिनिटात निवळला.

पारदर्शक पाइप अजून काढला नाहीये. येता-जाता त्यात बघत बसतो.

काळा_धूर
तो काढा मात्र. साधा पारदर्शक पाइप डिझेलने काही दिवसांत कडक होतो, क्लिपेखाली तडकतो, आणि मग तुम्ही दुसरा धागा काढाल.

नवा_हात
धागा वाचून उत्साह आला. माझं एका सिलिंडरचं हँडलचं इंजिन आहे, डीकॉम्प्रेशन लिव्हर (हँडल मारताना कॉम्प्रेशन सोडून देणारा) सोडला की हँडल उलट झटका मारतं. टायमिंग पुढे गेलं असेल का?

पाना१७
शक्य आहे. पण हळू फिरवत असताना लिव्हर लवकर सोडलात तरीही तसंच होतं. हँडल धरताना अंगठा बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीभोवती गुंडाळू नका, झटका बसला तर मनगट वाचतं. बाकीचं नव्या धाग्यात विचारा. पंपाखाली किती शिमा (पातळ पत्र्याच्या चकत्या) आहेत आणि पंप शेवटचा कधी उघडला होता, ते लिहायला विसरू नका.